मंद आचेचे अर्थशास्त्र

'सोडा' हा शब्द मराठी स्वयंपाकघरात अनेक अर्थांनी नांदत आला आहे. भज्यांच्या पिठात चिमूटभर पडतो तो खाण्याचा सोडा. मळके कपडे ज्यात भिजत घालतात तो धुण्याचा सोडा. कोकणात सुकवलेल्या कोळंबीला सोडे म्हणतात आणि त्यांची खिचडी पाहुण्यापुढे अभिमानाने वाढली जाते. शिवाय उन्हाळ्यात बाटलीच्या गळ्यातील काचेची गोळी आत ढकलून जो पितात तोही सोडाच. या गोतावळ्यात अमेरिकेने आणखी एका अर्थाची भर घातली आहे. तिकडे सोडा म्हणजे कोकाकोला, पेप्सी, रूट बिअर यांसारखी गोड आणि वायुयुक्त पेये. हा खुलासा आरंभीच करणे प्राप्त आहे. कारण आज आम्ही ज्या पदार्थाविषयी लिहीत आहोत त्याच्या कृतीत 'एक डबा सोडा घाला' असे वाक्य येते, आणि एखाद्या वाचकाने त्या ठिकाणी खाण्याच्या सोड्याचा डबा उपडा केला तर अनर्थ ओढवेल.

पदार्थाचे नाव 'पुल्ड पोर्क'. डुकराच्या खांद्याचे मांस इतके मऊ शिजवायचे, की सुरी न लावता दोन काट्यांनी त्याचे धागे ओढून मोकळे करता यावेत. मग ते आंबटगोड, तिखट रसात कालवून पावात भरून खायचे. आमच्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले आज अमेरिकेतील विद्यापीठांत आहेत. शिष्यवृत्तीच्या मोजक्या पैशांत महिना काढताना त्यांना पहिला धडा मिळतो तो बाहेरच्या जेवणाच्या किमतीचा. चारपाच मुले मिळून रविवारी विजेच्या मंदपाकपात्रात, म्हणजे 'स्लो कुकर'मध्ये, मांसाचा एक मोठा तुकडा लावतात, त्यावर सोड्याचा एक डबा ओततात आणि बुधवारपर्यंतच्या जेवणाची तरतूद करतात, असे त्यांच्याकडून कळते. 'आमचा मुलगा तिकडे खातो तरी काय?' ही चिंता ज्या घरांत आहे, त्या घरांना या पदार्थाची पुरती ओळख असावी, हा या लेखाचा एक हेतू.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मांस वर्ज्य आहे आणि मांसाहारी घरांतही डुकराचे मांस वर्ज्य असलेली पुष्कळ आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. कोणी काय खावे हे सांगण्याचा आमचा मानस नाही. तथापि या साध्या पदार्थाच्या पोटात दडलेला एक विचार कोणत्याही चुलीवर उपयोगी पडणारा आहे. स्वस्त जिन्नस रुचकर होतो तो महागड्या मसाल्याने नव्हे, त्याला दिलेल्या वेळेने. तो कसा, हे पाहू.

खड्ड्यातील विस्तव

डुक्कर हा उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हे. १५३९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नांदो दे सोतो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर शिधा म्हणून डुकरांचा जिवंत कळप होता. पुढे आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनीही डुकरे आणली. गाईला कुरण लागते, निगा लागते; डुक्कर रानात सोडून दिले तरी झाडांखालची फळे-बिया व कंदमुळे खाऊन पोसते. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराचे मांस हे सामान्य माणसाचे मांस ठरले.

ते शिजवण्याची रीत मात्र युरोपची नव्हती. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक विस्तवावर काठ्यांची माची उभारून तिच्यावर मांस भाजत व धुरवत. त्या माचीच्या नावावरून स्पॅनिश भाषेत 'बार्बाकोआ' आणि इंग्रजीत 'बार्बेक्यू' हा शब्द आला. दक्षिणेत जमिनीत लांब खड्डा खणून त्यात कठीण लाकडाचे निखारे पसरीत आणि वर जनावर रात्रभर मंद आचेवर ठेवीत. खड्डा खणणे, लाकूड फोडणे, रात्रभर जागून निखारे सारखे करणे ही कष्टाची कामे गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसांकडे असत. मेजवानी मालकाची आणि जागरण गुलामाचे, अशी ती वाटणी होती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि यांतील अनेकांनी हीच विद्या पुढे उपजीविकेचे साधन केली. आज अमेरिकेचा राष्ट्रीय खाद्यप्रकार म्हणून बार्बेक्यूचा गौरव होतो, तेव्हा त्यामागील या हातांचे स्मरण ठेवणे न्यायाचे होईल.

प्रांतागणिक चवही बदलते. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर भाजून त्यावर केवळ शिर्का आणि मिरचीचा पातळ रस घालतात. त्याच राज्यातील लेक्सिंग्टनच्या परिसरात फक्त खांदा भाजतात व रसात थोडा टोमॅटो येतो. शेजारच्या साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा रस लाडका. आपल्याकडे आमटीत गूळ असावा की नसावा यावरून जसे वाद रंगतात, तसेच तिकडे या रसांवरून रंगतात. विजेच्या पात्रात सोडा घालून शिजवलेल्या मांसाला तेथील निष्ठावंत मंडळी बार्बेक्यू म्हणावयास तयार होत नाहीत, कारण त्यात धूर नाही. त्यांचे म्हणणे योग्यच आहे. परंतु भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी किंवा दोन पाळ्यांत काम करणारी आई खड्डा कोठे खणणार? हा पदार्थ त्यांच्यासाठी आहे.

चिवटपणाचे रहस्य

जनावराच्या शरीरातील जो भाग अधिक राबतो तो अधिक चिवट. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू फारसा काम करीत नाही, म्हणून तो मऊ, आणि म्हणूनच महाग. खांदा, ज्याला आपले खाटीक पुढचा फरा म्हणतात, आयुष्यभर शरीराचे ओझे वाहतो. त्याच्या स्नायूंचे जुडगे कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या वेष्टनांनी बांधलेले असतात. झटपट भाजला तर तो चावता चावत नाही. म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी.

आता उष्णतेचा खेळ पाहावा. मांसाचे तापमान साठपासष्ट अंश सेल्सिअसच्या घरात गेले, की स्नायू आकसतात, रस बाहेर पडतो आणि मांस पूर्वीपेक्षाही कठीण लागते. अननुभवी माणूस येथे धीर सोडतो. परंतु सत्तर अंशांच्या पुढे, ओलाव्यात आणि तासामागून तास, त्या चिवट कोलॅजेनचे मऊ जिलेटिनात रूपांतर होऊ लागते. मांसाच्या आतील तापमान नव्वद ते पंचाण्णव अंशांपर्यंत पोहोचून काही काळ तेथे राहिले, की बांधणारी वेष्टने विरघळलेली असतात आणि स्नायूंचे धागे आपोआप सुटे होतात. पायाचा रस्सा रात्री थंड झाला की खरवसासारखा थरथरतो, हे मांसाहारी घरांत सर्वांनी पाहिलेले असते. ती थरथर त्याच जिलेटिनाची. धाग्यांनी गमावलेल्या ओलाव्याची जागा हे जिलेटिन आणि वितळलेली चरबी घेतात, म्हणून फऱ्याचे मांस दहा तास शिजूनही रसाळ राहते.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. पाठीचा महाग आणि मऊ तुकडा याच रीतीने शिजवला, तर तो सुतासारखा कोरडा होतो. कारण त्याच्याजवळ विरघळण्यासारखे कोलॅजेन फारसे नाही आणि चरबीही बेताची. तेव्हा स्वस्त तुकडा हा येथे महाग तुकड्याची गरिबीतील सोय नाही. या पदार्थासाठी तोच खरा पात्र आहे. श्रीमंताने केला तरी त्याला फराच आणावा लागेल.

विजेवर चालणारा वैल

वेळ द्यावयाचा हे खरे. पण तो कोणी द्यावयाचा? आपल्या जुन्या चुलीने या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. मुख्य चुलीच्या शेजारी असलेले वैल नावाचे उपमुख आज किती घरांत ठाऊक असेल, कोण जाणे! पुढच्या जाळाची उरलेली आच आतून त्या वैलाकडे जाई. भाकरी पुढे भाजली जाई आणि वैलावर दूध नाही तर डाळ तासन्‌तास संथपणे रटरटत राही. जळण वेगळे लागत नसे आणि लक्षही वेगळे द्यावे लागत नसे. गॅसची शेगडी आली आणि वस्तूबरोबर शब्दही गेला.

अमेरिकेतील स्लो कुकर हा त्या वैलाचा विजेवरील अवतार म्हणता येईल. मात्र त्याची वंशावळ निराळी आहे. पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवणे व स्वयंपाक करणे निषिद्ध असे. म्हणून शुक्रवारी सायंकाळी घेवड्याच्या बिया, बार्ली, मांस यांनी भरलेले 'चोलंट'चे भांडे भटारखान्याच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण घरी आणीत. लिथुआनियातील व्हिल्ना शहरातील ही चाल आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाने आपल्या आईकडून ऐकली होती. त्यावरून त्याने विजेवर मंदपणे शिजवणारे भांडे तयार केले व १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. प्रारंभी ते घेवडा शिजवण्याचे भांडे म्हणूनच विकले जाई. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या 'रायव्हल' कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. त्या दशकात अमेरिकन स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या. सकाळी भांडे लावून जावे आणि सायंकाळी परतताच जेवण तयार असावे, ही सोय त्यांच्या मनात भरली. शब्बाथ पाळण्याच्या गरजेतून जन्मलेल्या पात्रात पुढे डुकराचे मांस शिजावे, जे त्या धर्माला मुळीच मान्य नाही, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

आपल्या देशातही असा प्रयत्न झाला होता. बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. खाली थोडे निखारे आणि वर एकावर एक रचलेले डबे. त्यात भात, डाळ, भाजी आपोआप वाफेवर शिजत असे. जुन्या पिढीतील वाचकांना तो आठवत असेल.

स्लो कुकरची रचना सोपी आहे. चिनी मातीचे जाड भांडे आणि त्याभोवती तापणारी तार. उष्णता मुख्यतः बाजूंनी येते, त्यामुळे बुडाला करपत नाही. मध्यम आकाराचे पात्र साधारणतः दोनशे ते तीनशे वॅट वीज घेते. म्हणजे आठनऊ तासांना दोन युनिटांच्या आसपास खर्च.

सोडा नेमके काय करतो?

आता त्या सोड्याकडे वळू. टेक्सासमधील वेको येथे १८८५ मध्ये डॉक्टर पेपर, अटलांटा येथे १८८६ मध्ये कोकाकोला, नॉर्थ कॅरोलायनातील न्यू बर्न येथे १८९३ मध्ये, पुढे पेप्सी-कोला म्हणून प्रसिद्धीस आलेले पेय, अशी ही पेये औषधे बनवणाऱ्यांच्या हातून जन्मली. तिन्ही जन्मस्थाने दक्षिणेतील आणि बार्बेक्यूच्या मुलखातील. तेव्हा शेजारच्या फडताळातील बाटली मांसाच्या भांड्यात येऊन पडली, यात नवल नाही.

सोड्यातील आम्ल मांस मऊ करते, असा एक लोकप्रिय समज आहे. कोलामध्ये फॉस्फरिक आम्ल असते हे खरे. परंतु आम्लाचे एकूण प्रमाण थोडे असते आणि भांड्यातील मांसरसात मिसळून ते आणखी सौम्य होते. मांस मऊ होते ते मुख्यतः ओल्या आणि मंद उष्णतेने. नुसत्या पाण्यात शिजवले तरी फऱ्याचे धागे सुटतात. बुडबुड्यांचे तर काहीच काम नाही; भांडे तापताच वायू उडून जातो. म्हणून कालची उघडी राहिलेली, फुस्स झालेली बाटली येथे ताज्या बाटलीइतकीच उपयोगी, आणि प्रसिद्ध नावाऐवजी दुकानाच्या स्वतःच्या नावाचा स्वस्त कोलाही तितकाच चांगला.

मग सोड्याचे श्रेय कोणते? ३५५ मिलिलिटरच्या कोकाकोलाच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे दहा चमचे. त्या गोडीला आम्लाची आंबट किनार आणि मसाल्यांचा गंध. थोडक्यात, पाणी, साखर, आंबटपणा आणि मसाला या चारही गोष्टी एकाच डब्यातून, एकाच मोलात आणि न मोजता मिळतात. मराठी वाचकाला हे सूत्र नवे नाही. चिंचगुळाची आमटी याच आंबटगोड सूत्रावर उभी आहे. घरी सोडा नसेल, किंवा आणावयाचा नसेल, तर दीड वाटी पाणी, तीन चमचे गूळ, दोन चमचे शिर्का आणि दालचिनीचा लहानसा तुकडा यांनी तेच काम होते. मात्र साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेला 'डाएट' सोडा घेऊ नये. त्यात बहुधा ॲस्पार्टेम असते आणि दीर्घकाळच्या उष्णतेने त्याची गोडी नाहीशी होते.

कृती

चार पौंडांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोचा, डुकराचा फरा घ्यावा. अमेरिकेत हा भाग 'बॉस्टन बट' या नावाने मिळतो. हाड असल्यास उत्तम. वरचा चरबीचा जाड थर थोडा काढावा, सगळा काढू नये. दोन चमचे मीठ, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मिरपूड आणि एक चमचा मोहरीची पूड एकत्र करून तुकड्याला सर्व बाजूंनी चोळावी. सवड असेल तर तापलेल्या तव्यावर तुकडा सर्व बाजूंनी तांबूस करून घ्यावा. चव निश्चित वाढते. सवड नसेल तर ही पायरी गाळली तरी चालते.

दोन मोठे कांदे जाड कापून भांड्याच्या तळाशी पसरावेत, लसणीच्या पाचसहा पाकळ्या टाकाव्यात, वर मांस ठेवावे आणि बाजूने एक डबा सोडा ओतावा. मांस बुडण्याची आवश्यकता नाही. ते स्वतःच पुष्कळ रस सोडते. झाकण लावून मंद खुणेवर आठ ते दहा तास, अथवा तीव्र खुणेवर पाचसहा तास शिजवावे. मध्ये झाकण उघडण्याचा मोह टाळावा. साठलेली वाफ निघून गेली की गेलेली उष्णता भरून येण्यास बराच वेळ लागतो.

काटा टोचून किंचित फिरवताच धागे सुटू लागले म्हणजे शिजले. मांस परातीत काढून हाड व मोठी चरबी बाजूला करावी आणि दोन काट्यांनी धागे ओढावेत. भांड्यातील रस गाळून वर तरंगणारे तूप काढून टाकावे आणि उरलेला रस उघड्या भांड्यात निम्मा होईतो आटवावा. त्यात एक वाटी टोमॅटो केचप, दोन मोठे चमचे शिर्का आणि चवीपुरते तिखट घालून तो मांसात कालवावा. शिर्क्यात कंजूषपणा करू नये. सोड्याची गोडी त्यानेच ताळ्यावर येते. गोल पावात भरून, सोबत बारीक चिरलेल्या कोबीची आंबट कोशिंबीर द्यावी.

स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात, घट्ट झाकणाखाली, अगदी बारीक आचेवर तीनचार तासांत हे काम होते. प्रेशर कुकरमध्ये मोठे तुकडे करून सुमारे तासाभरात होते. मात्र सोडा आधी उघड्यावर उकळून त्यातील वायू जाऊ द्यावा व मगच झाकण लावावे.

हिशोब

मास्तराच्या लेखात हिशोब आल्यावाचून राहावयाचा नाही. १.८ किलोच्या तुकड्यातून हाड, चरबी व आटलेला रस वजा जाता एक किलोच्या आसपास मांस हाती येते. माणशी शंभर ग्रॅम धरल्यास दहा पाने होतात. कांदे, मसाला, सोड्याचा एक डबा आणि दोन युनिट वीज यांची दहांत वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. डब्यातील साखरही प्रत्येकी चार ग्रॅम, म्हणजे चमचाभरच. परंतु केचपमध्येही साखर असते हे विसरू नये. घरात मधुमेही असेल तर सोड्याऐवजी पाणी व शिर्का वापरावा आणि केचपऐवजी ताज्या टोमॅटोचा रस घ्यावा. पदार्थ बिघडत नाही.

चार सावधगिऱ्या

पहिली: ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. गोठलेले मांस तसेच मंदपाकपात्रात घातले, तर ते या टप्प्यात फार वेळ रेंगाळते. म्हणून ते आधी शीतकपाटात पूर्ण सैल होऊ द्यावे, आणि भांडेही अर्ध्यापेक्षा कमी वा दोनतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये.

दुसरी: आपल्याकडील गावांना लागू पडणारी. घरी कोणी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती हे कळण्यास मार्ग नसेल, तर अन्न दिसायला कितीही चांगले असो, टाकून द्यावे. घरी असाल तर भांडे ताबडतोब गॅसवर चढवावे.

तिसरी: डुकराचे मांस कधीही कच्चे ठेवू नये. अर्धवट शिजलेल्या मांसातून फीतकृमी पोटात जातो. या पदार्थात तापमान नव्वद अंशांवर जात असल्याने ती भीती राहत नाही. पण कच्चे मांस कापलेला विळा, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावू नयेत. उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांतून शीतकपाटात जावे आणि तीनचार दिवसांत संपावे.

चौथी सावधगिरी शाकाहारी घरांसाठी आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. स्लो कुकरमध्ये राजमा कच्चा कधीही लावू नये. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते खळखळत्या उकळीने नष्ट होते; मात्र मंदपाकपात्राच्या बेताच्या उष्णतेत ते टिकून राहते आणि तीव्र उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे, अधिक निर्धास्तपणा हवा तर अर्धा तास, खळखळून उकळावा. नंतरच तो मंद आचेला लावावा.

आपल्या परिचयातील भाऊबंद

हे सारे वाचून गोव्यातील वाचक मनात हसले असतील. विंदालूचे मूळ पोर्तुगीजांच्या शिर्का-लसणीत मुरवलेल्या मांसात आहे, आणि गोव्याने त्याला माडाच्या सुरेचा शिर्का व मिरची देऊन आपलेसे केले. सोरपोतेल तर केल्या दिवशी खाण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक रुचते, हे तेथील ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी नाताळात जेवलेल्या सर्वांना ठाऊक आहे. आंबट, तिखट, कमी मोलाचे तुकडे आणि मुरण्यासाठी वेळ, हाच तो हिशोब. हैदराबादच्या वाचकांना हलीम आठवेल: गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून, धागा न धागा एकजीव केलेला. तेथेही मोठ्या देगेशेजारी जागणारा कोणीतरी असतोच.

आणि एक गंमत अशी, की अमेरिकेतील शाकाहारी मंडळींनी 'पुल्ड पोर्क'ला पर्याय म्हणून शोधून काढला तो आपला कच्चा फणस. त्याचे गरे शिजल्यावर मांसासारखे धाग्याधाग्यांनी सुटतात आणि कोणताही रस पिऊन घेतात. तो फणस आंबटगोड रसात कालवून तिकडे पावात भरतात. कोकणात आणि गोव्यात कुयरीची भाजी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ती करणाऱ्या आजीला या शोधाचे कौतुक वाटेल की हसू येईल, हे सांगणे कठीण आहे.

खड्ड्याशेजारी रात्रभर जागणाऱ्या गुलामापासून वैलाकडे अधूनमधून नजर टाकणाऱ्या आजीपर्यंत, स्वस्त अन्नाला लागणारा वेळ कोणाच्या तरी आयुष्यातून आलेला होता, आणि त्याचे मोल बहुधा मोजले गेले नाही. मंदपाकपात्राने हा वेळ माणसाच्या अंगावरून काढून यंत्रावर टाकला; ज्यांच्याजवळ पैसा नाही आणि सवडही नाही, अशांच्या आवाक्यात तो आणला. आम्हांस त्याचे मोठेपण वाटते ते यासाठी. तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने किंवा मुलीने 'आज कोला घालून भांडे लावले आहे' असे कळवले, तर ज्या घरांत ते वर्ज्य नाही त्यांनी नाक मुरडू नये. पोर काटकसरीने आणि शहाणपणाने जेवते आहे असे समजावे. आणि घर शाकाहारी असेल, तर राजमा आधी खळखळून उकळून घ्यायला तेवढे आठवणीने सांगावे.